फुल बोर्ड म्हणजे जागा फुल नव्हे

ए-१०२: प्रवासातले इंग्रजी शब्द शिकायचेत, पण 'बोर्ड' बघितला तर डिक्शनरीत फळी, मंडळ, चढणे... सगळंच आहे. यातलं नेमकं काय पाठ करायचं?

बी-३०४: काका, सुटा शब्द पाठ करूच नका, शेजारच्या शब्दासकट करा. 'बोर्ड द ट्रेन' म्हणजे गाडीत चढणं. 'डिपार्चर बोर्ड' हा गाड्यांच्या वेळांचा फलक. हॉटेलच्या बुकिंगमध्ये मात्र बोर्ड म्हणजे जेवणखाण. 'फुल बोर्ड'मध्ये तिन्ही वेळचं, 'हाफ बोर्ड'मध्ये नाश्ता आणि बहुधा रात्रीचं जेवण. पूर्वी इंग्रजीत जेवणाच्या टेबलालाही बोर्ड म्हणत, त्यातून हे आलं.

सी-२०१: हॉटेलचं निघालंच आहे तर डबल आणि ट्विन पण सांगा.

ए-१०२: दोन्ही दोन माणसांच्याच ना?

सी-२०१: हो, पण डबलमध्ये एकच मोठा पलंग, ट्विनमध्ये दोन वेगळे. तसंच, मुलं शेजारच्या खोलीत झोपणार असतील तर 'कनेक्टिंग रूम्स' मागा, त्यांना आतून दार असतं. 'अ‍ॅडजॉइनिंग' म्हणजे नुसत्या लागून.

बी-३०४: सगळ्यात फसवा शब्द 'डायरेक्ट'. डायरेक्ट फ्लाइटचा नंबर शेवटपर्यंत एकच असतो, पण विमान मध्ये उतरू शकतं. कुठेही न उतरणारं हवं तर 'नॉनस्टॉप' बघा. 'कनेक्टिंग'मध्ये विमान बदलायचं. तेही एकाच बुकिंगवर घ्या. दोन सुटी तिकिटं काढली आणि पहिलं विमान लेट झालं, तर दुसरी कंपनी सहसा हात वर करते.

ए-१०२: आणि लेओव्हर, स्टॉपओव्हर?

बी-३०४: वाटेतला थांबा. आंतरराष्ट्रीय तिकिटात तो साधारण २४ तासांच्या आत असेल तर लेओव्हर, त्यावर स्टॉपओव्हर.

डी-४०३: देश बदलला की अर्थही बदलतो हं. 'सबवे' न्यूयॉर्कमध्ये मेट्रो, लंडनमध्ये रस्त्याखालून पायी जायचा बोगदा. 'कोच' ब्रिटनमध्ये लांब पल्ल्याची बस, अमेरिकन विमानात इकॉनॉमी क्लास. ब्रिटनच्या तिकीट खिडकीवर 'सिंगल ऑर रिटर्न?' विचारतात, तेव्हा 'मी एकटाच आहे' म्हणून सिंगल म्हणाल तर फक्त जायचं तिकीट हातात पडेल. जाऊन-येऊन हवं तर रिटर्न. अमेरिकेत त्यालाच राउंड ट्रिप म्हणतात.

सी-२०१: 'चेंज'पण राहिला. 'चेंज अ‍ॅट रेडिंग' म्हणजे रेडिंग स्टेशनवर गाडी बदला. बसमध्ये 'नो चेंज गिव्हन' लिहिलं असेल तर सुटे परत मिळणार नाहीत, नेमके पैसे काढून ठेवा. बस बदलायची नाही असा त्याचा अर्थ नाही 😄

ए-१०२: बरं, मग हे लक्षात कसं ठेवायचं?

बी-३०४: पोस्टकार्डाच्या निम्म्या आकाराची कार्डं करा. पुढे अख्खं इंग्रजी वाक्य, मागे मराठी. एका कार्डावर एकच अर्थ. तीन अर्थ एकाच कार्डावर कोंबले की आयत्या वेळी पहिलाच आठवतो. रोज ५ नवी, आणि आदल्या दिवशीची चुकलेली आधी. कार्ड मोठ्यानं वाचा, कारण स्टेशनवर हे शब्द कानावरच पडणार.

ए-१०२: म्हणजे 'मिस'ची दोन कार्डं?

बी-३०४: चार करा. 'मिस द बस' म्हणजे बस चुकणं. 'आय मिस होम' म्हणजे घरची आठवण येणं. 'एक्सक्यूज मी, मिस' ही हाक. आणि वाट सांगणारा 'यू कान्ट मिस इट' म्हणाला, तर ते ठिकाण समोर दिसेलच, चुकायचा प्रश्न नाही.