मदत हवी आहे: दाखला अडलाय, सातवीचा प्रवेश कसा होईल?

नमस्कार मंडळी. यांची बदली झाल्यामुळे आम्ही मे महिन्यात पिंपरीहून साताऱ्याला आलो. मुलगी सहावी पास झाली आहे, आता सातवीत अनुदानित शाळेत घालायचं आहे. जुनी शाळा खासगी, विनाअनुदानित. शेवटच्या हप्त्याचे 9,000 रुपये राहिलेत (चूक आमचीच, पण सामान हलवण्यातच सगळं गेलं). ते भरल्याशिवाय शाळा सोडल्याचा दाखला नाही आणि ‘सरल’वरून (विद्यार्थ्यांची सरकारी ऑनलाइन नोंद) नावही सोडणार नाही, म्हणतात.

इथले मुख्याध्यापक भले आहेत, वर्गात बसू द्या म्हणाले. पण क्लार्क म्हणतो, ऑनलाइन नाव आल्याशिवाय पटावर घेता येत नाही.

शिक्षण हक्क कायदा 2009 च्या कलम 5 मध्ये आहे की दाखल्याला उशीर झाला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. हे कुणी प्रत्यक्षात वापरलंय का? अर्ज गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे साताऱ्यात द्यायचा, की जुन्या शाळेच्या हद्दीत? फी आम्ही दोन हप्त्यांत देऊ, तसं लेखी दिलं तर चालतं का?

शाळा सुरू होऊन आठवडा झाला. पोरगी रोज विचारते, "आई, हजेरीत माझं नाव कधी घेणार?"