युद्ध जिंकलं म्हणजे देश मोठा झाला का? १९४५ चं ब्रिटन बघा

घाटमाथा:
काल घरी युद्धाच्या बातम्या चालू होत्या आणि धाकटा भाऊ म्हणाला, मोठ्या युद्धानंतर जिंकणारा वर जातो, हरणारा संपतो, सरळ हिशोब आहे. मला हे बिलकुल पटलं नाही म्हणून धागा काढतोय. १९४५ ला ब्रिटन जिंकलं ना? जपानने शरणागती पत्करली आणि त्याच ऑगस्टमध्ये अमेरिकेने लेंड-लीज, म्हणजे मित्रदेशांना रोख पैसे न घेता युद्धाचा माल द्यायची योजना, बंद करून टाकलं, म्हणजे युद्धभर जो माल येत होता तो एकदम थांबला. केन्ससारखा नावाजलेला ब्रिटिश अर्थतज्ज्ञ वॉशिंग्टनला गेला आणि ३७५ कोटी डॉलरचं कर्ज ठरवून आला, त्याचा शेवटचा हप्ता फिटला डिसेंबर २००६ मध्ये! आणि पावाचं तर ऐका, जर्मन पाणबुड्या धान्याची जहाजं बुडवत होत्या तेव्हा पावावर रेशन नव्हतं, ते आलं जुलै १९४६ ला, जिंकून वर्ष झाल्यावर. मटण १९५४ पर्यंत कुपनावरच. माझं म्हणणं एवढंच की युद्धाने कुणी मोठा होत नाही, ज्याच्या दारात लढाई आली नाही तो शाबूत राहतो आणि बाकी सगळे आडवे झाल्यामुळे तो उंच दिसतो.

आकडेमोड:
सहमत नाही. अमेरिका नुसती शाबूत राहिली असं म्हणणं चूक आहे, ती युद्धातच घडली. १९३९ ला तिथे बेकारी १७ टक्क्यांच्या आसपास होती, १९४४ ला जेमतेम १ टक्का. मिशिगनमध्ये फोर्डचा विलो रन कारखाना, जोरात चालू होता तेव्हा तासाला एक बॉम्बर विमान बाहेर काढायचा, तासाला एक! ही ताकद आधी नव्हती, युद्धाने बाहेर काढली. आणि हरलेल्यांचं काय? पश्चिम जर्मनी आणि जपान राखेतून उठले, शिकलेले कारागीर होते, जिद्द होती. कारखाना जळतो, हातातलं कसब जळत नाही.

निळी_शाई:
आकडेमोड, कसबाचा मुद्दा बरोबर आहे पण मग पूर्व जर्मनीचं काय? माणसं तीच, भाषा तीच, शाळा त्याच. तिकडे सोव्हिएत लोकांनी भरपाई म्हणून कारखाने खोलून नेले, रेल्वेचे दुहेरी मार्ग होते तिथला एक रूळमार्ग उखडून नेला. आणि त्यांचा राग समजतो हो, २ कोटी ७० लाखांच्या आसपास माणसं गेली त्यांची. पण एकाला मार्शल योजनेचा, म्हणजे युद्धानंतर पश्चिम युरोप उभा करायला अमेरिकेने दिलेल्या मदतीचा पैसा आणि दुसऱ्याचे रूळ उखडलेले, मग फरक जिद्दीचा कसा?

आकडेमोड:
ताई, मार्शल योजनेतला सगळ्यात मोठा वाटा ब्रिटनला मिळाला होता, पश्चिम जर्मनीपेक्षा जास्त! पैशानेच देश उठत असता तर ब्रिटन पुढे असतं.

घाटमाथा:
वाटा मोठा, पण पैसा जात कुठे होता ते बघा ना. ब्रिटनला जगभर फौजा पोसायच्या होत्या, पाउंडची पत सांभाळायची होती. पश्चिम जर्मनीला १९५५ पर्यंत सैन्यच नव्हतं आणि १९५३ च्या लंडन करारात त्यांचं निम्मं कर्ज माफ झालं. हरलेल्याचं कर्ज माफ आणि जिंकलेला २००६ पर्यंत हप्ते भरतोय. जपानचंही तसंच, १९५० मध्ये टोयोटा बुडायच्या बेतात होती, संस्थापकांना राजीनामा द्यावा लागला होता, तेवढ्यात कोरियात युद्ध पेटलं आणि अमेरिकन सैन्याने ट्रकच्या ऑर्डरी दिल्या. जपान सावरला तो शेजारी पेटलेल्या दुसऱ्या युद्धावर, आणि तिथे कोरियन माणसं लाखांनी मेली. हे विसरून जपानच्या जिद्दीचं कौतुक मला जमत नाही.

माणगावकर:
सगळे बोलताहेत पण आपलं कुणीच बोलत नाहीये. आमच्या माणगावला नाईक यशवंत घाडगे यांचा पुतळा आहे, मराठा लाइट इन्फंट्री, जुलै १९४४ ला इटलीत एकट्याने मशीनगनच्या ठाण्यावर धावून गेले, ठाणं घेतलं आणि तिथेच पडले, मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. आमचे पणजोबाही त्याच पलटणीत. पणजी सांगायची, मनीऑर्डर वेळेवर यायची पण बाजारात घ्यायला काही नसायचं, कापड कंट्रोलचं, रॉकेलला रांग. का, तर इथला माल आणि माणसं युद्धाला जायची, त्याचे पाउंड लंडनमध्ये आपल्या नावावर जमा व्हायचे आणि इथे त्या बदल्यात नोटा छापायचे. महागाई भडकणारच. १९४३ ला बंगालमध्ये तीसेक लाख माणसं भुकेने आणि रोगराईने गेली. युद्ध संपलं तेव्हा ब्रिटन आपलं १३० कोटी पाउंडच्या घरात देणं लागत होतं. म्हणजे कागदावर सावकार आपण! पण ते पैसे एकदम उचलता येत नव्हते, थोडे थोडे सोडले, आणि १९४९ ला पाउंड ४.०३ डॉलरवरून २.८० वर आणला, आपला उरलेला साठा डॉलरच्या हिशोबात तीस टक्के घसरला. कुठला देश बलवान झाला हे विचारताना कुणाच्या ताटातलं गेलं हेही मांडा.

आकडेमोड:
माणगावकर, हे मला माहीतच नव्हतं, मी भारताला या हिशोबात धरलंच नव्हतं, तेवढी माझी चूक. तरी अमेरिकेबद्दल मी मागे हटत नाही. त्याच पाउंडातून आपण पुढे परदेशी यंत्रं आणलीच ना?

माणगावकर:
आणली. पण धान्यसुद्धा आणावं लागलं.