मदत हवी आहे: नवीन स्विच लावल्यापासून ऑफिसातले निम्मे पीसी नेटवर येत नाहीत (इंदूर)

वहीखाते
नमस्कार मंडळी. रामबागेत घराच्या तळमजल्यावर सासऱ्यांचं करसल्ल्याचं ऑफिस आहे. पाच पीसी, एक प्रिंटर. टॅलीचा (हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा) डेटा एका पीसीवर आहे, बाकीचे तिथूनच उघडतात. राउटरचे चारही पोर्ट भरले म्हणून आठ पोर्टचा गिगाबिट स्विच (बरेच पीसी तारेने एकत्र जोडायचा डबा) आणला आणि वायरमनकडून बसवून घेतला. तेव्हापासून डोकं उठलंय. कुठला पीसी चालेल याचा नेम नाही. काल जो नीट चालत होता तो आज सकाळी लावला तर नेट नाही, टॅलीचा डेटा सापडत नाही, प्रिंटर ऑफलाइन. शेजारचा मात्र व्यवस्थित. स्विचचे दिवे सगळे लागतात. सगळं बंद करून परत चालू केलं, फरक शून्य. वायरमन फोन उचलत नाही. वीस तारखेच्या आत जीएसटीचं ३बी विवरणपत्र भरायचंय आणि सासरे दर थोड्या वेळाने येऊन विचारतात. स्विचच खराब निघालाय का? बदलून आणू का? लवकर सांगा.

तारवाला
बदलायची घाई नको. स्विच साधा की मॅनेज्ड (सेटिंग करता येणारा)? राउटरपासून स्विचपर्यंत एकच केबल आहे ना? एकाच केबलची दोन्ही टोकं चुकून स्विचमध्येच गेली असतील, तर साधा स्विच तोच डेटा गोल गोल फिरवत बसतो आणि सगळं नेटवर्क आडवं होतं. तेव्हा सगळे दिवे एकदम वेड्यासारखे लुकलुकतात. तसं दिसतंय का?

वहीखाते
साधा आहे, वायर लावली की झालं असा. दिवे आपापले लुकलुकतात, एकदम नाही. राउटरची केबल एकच.

जुना_हबवाला
भाऊ, राउटर आणि स्विच जोडायला क्रॉसओव्हर केबल लागते. एका टोकाला तारांच्या क्रमाची ए पद्धत, दुसऱ्याला बी. वायरमनने सरळ केबल लावली असणार. हबच्या (स्विचच्या आधीच्या जोडणी-डब्यांच्या) काळात आम्ही हेच आधी तपासत असू. टोक कापून पुन्हा क्रिंप करा (प्लग दाबून बसवा), चालेल.

आरजे४५
हबवाले काका, तुमचा अनुभव मान्य, पण ते हबच्या काळातलं झालं. आता गिगाबिट पोर्ट सरळ-उलटं स्वतःच ओळखतो. चांगली केबल कापायला लावू नका हो. दोन्ही टोकांना बी पद्धतच ठेवा: पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. आठांपैकी एखादी तार नीट बसली नसेल, तर बऱ्याचदा वेग १००० एमबीपीएस (गिगाबिट) वरून १०० वर येतो, कारण १०० ला चारच तारा लागतात. पण नेट एक दिवस येतं आणि एक दिवस जातं, हे तारांच्या क्रमाने होत नाही.

जुना_हबवाला
होतं. क्रिंप ढिला असला की होतं. मी डोळ्यांनी पाहिलंय.

वहीखाते
भाऊ नाही, ताई. आणि केबल कापणार नाही, माझ्याकडे ते क्रिंपिंगचं पकडही नाही.

भिंतीपलीकडे
ताई, या वायरींच्या भानगडीतच पडू नका. तीन नगांचा मेश वायफाय (एकमेकांशी बिनतारी जोडलेले डबे) घ्या, एक एक मजल्यावर ठेवा. आमच्या विजयनगरच्या फ्लॅटमध्ये एक वायर दिसत नाही.

तारवाला
विजयनगरचा फ्लॅट आणि रामबागेतलं जुनं घर यात फरक आहे. त्या जाड भिंतींतून वायफाय पार होताना अर्धं संपतं. शिवाय टॅलीत नोंद करताना जोडणी तुटली तर काम तिथेच अडकतं. हिशेबाच्या ऑफिसला तारच हवी.

चौथा_कॅमेरा
स्विच घेतला तो पीओई घ्यायला हवा होता. उद्या कॅमेरे लावाल तेव्हा त्याच केबलमधून वीज जाते, वेगळा अ‍ॅडॉप्टर नको. जुन्या ८०२.३एएफ मानकात पोर्टमागे १५.४ वॅट मिळतात, एटी मानकात ३०. डोम कॅमेऱ्याला एएफ पुरतं, फिरणाऱ्याला एटी बघा. आणि केबल शुद्ध तांब्याचीच घ्या. जेल रोडला स्वस्तात मिळते ती बरेचदा तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची असते, वाकवली की तुटते आणि पीओईवर तापते.

वहीखाते
कॅमेरे नकोच आहेत सध्या. नेट हवंय.

आरजे४५
केबलचं मात्र बरोबर बोलला. बाकी केबल कॅट ५ई या जुन्या प्रतीची असली तरी गिगाबिटला १०० मीटरपर्यंत चालते. दुकानदार कॅट ६ गळ्यात मारतात तिची घरात गरज नाही.

चौथा_कॅमेरा
गरज कशी नाही? भिंतीतून एकदाच केबल ओढायची तर पुढच्या दहा वर्षांचा विचार करून कॅट ६ च ओढावी. मजुरी केबलपेक्षा महाग पडते.

आरजे४५
तिच्या भिंतीत केबल आधीच ओढलेली आहे!

तारवाला
केबल बाजूला ठेवा जरा. ताई, चालणाऱ्या आणि न चालणाऱ्या अशा दोन्ही पीसींवर काळी कमांडची खिडकी उघडा, 'आयपीकॉन्फिग' टाइप करा आणि आयपी पत्ता (नेटवर्कवरचा पीसीचा पत्ता) व डीफॉल्ट गेटवे (पीसी ज्याच्याकडे नेट मागतो त्या राउटरचा पत्ता) असे दोन आकडे इथे द्या. दिव्यांवरून एवढंच कळतं की तार पोचली. पत्ता कोणी दिला ते दिव्यांत दिसत नाही.

वहीखाते
चालणारा: १९२.१६८.१.७, गेटवे १९२.१६८.१.१
न चालणारा: १९२.१६८.०.१०४, गेटवे १९२.१६८.०.१

तारवाला
सापडलं. स्विच चांगला आहे. तुमच्या घरात आणखी एक राउटर आहे आणि तोही याच स्विचला जोडलेला आहे. कुठे आहे तो?

वहीखाते
वर मुलाच्या खोलीत वायफायसाठी जुना राउटर आहे. पण तो ऑफिसचा नाहीच, म्हणून लिहिलं नाही. वर्षभर तिथेच आहे, कधी त्रास दिला नाही.

तारवाला
त्याच्या मागे बघा. खालून आलेली केबल वेगळ्या रंगाच्या, एकट्या वॅन पोर्टमध्ये (बाहेरून नेट घेण्याच्या) आहे की चार लॅन पोर्टपैकी (आतली उपकरणं जोडण्याच्या) एकात?

वहीखाते
चारातल्या एकात आहे. वॅन रिकामं. वायरमन वरही गेला होता.

तारवाला
म्हणजे त्याने जागा बदलली. वॅनमध्ये होती तोवर तो राउटर फक्त वरच्या खोलीला पत्ते वाटत होता. लॅनमध्ये आल्यावर तो साऱ्या ऑफिसाला वाटतोय. पीसी चालू झाला की 'मला पत्ता द्या' असं साऱ्या नेटवर्कला विचारतो, आणि आता उत्तर देणारे दोघं आहेत. ज्याचं आधी पोचलं त्याचा पत्ता पीसी घेतो. खालच्या राउटरने दिला तर सगळं चालतं. वरच्याने दिला तर पीसी ०.१ कडे नेट मागतो आणि तिथे नेटच नाही. टॅलीचा पीसी १ च्या गटात, हा ० च्या, म्हणून दिसत नाही. सकाळी सुरू करताना चित्र बदलतं ते यामुळेच.
लगेच काम हवं तर वरच्या राउटरची केबल काढा आणि अडलेले पीसी रीस्टार्ट करा. ३बी भरून घ्या.

वहीखाते
काढली. पाचही चालू! टॅलीही दिसते, सासरे बसले कामाला. पण वरचं वायफाय गेलं, मुलगा खाली येऊन उभा आहे. आता?

आरजे४५
केबल परत वॅनमध्ये लावा, पूर्वीसारखं चालेल.

तारवाला
चालेल, पण मग वरच्या लॅपटॉपला खालचा प्रिंटर आपोआप सापडणार नाही. त्यापेक्षा केबल सुटी असतानाच लॅपटॉप वरच्या राउटरला तारेने जोडा आणि ब्राउझरमध्ये १९२.१६८.०.१ उघडा. आधी त्याचा लॅन पत्ता १९२.१६८.१.२ करा. राउटर पुन्हा सुरू होईल. मग नव्या पत्त्यावर जाऊन डीएचसीपी (पत्ते वाटायची सोय) बंद करा. क्रम हाच ठेवा. डीएचसीपी आधी बंद केलंत तर लॅपटॉपला पत्ता मिळणार नाही आणि आत जाताना अडाल. शेवटी स्विचची केबल लॅनमध्येच लावा, वॅन रिकामं राहू द्या. खालच्या राउटरने १.२ हा पत्ता आधीच कोणाला दिलेला नाही ना, तेवढं त्याच्या यादीत बघून घ्या.

वहीखाते
झालं. वरचं वायफाय आलं, खाली पाचही चालू आहेत, सगळे रीस्टार्ट करून पाहिले. तारवाला दादा, मनापासून आभार, तुमच्यामुळे आज फायलिंग होतंय. फक्त प्रिंटर दोन पीसींवर अजून ऑफलाइन दाखवतो. त्याचं काय करू?

तारवाला
त्या दोघांवर प्रिंटरचा जुना पत्ता अडकलाय. प्रिंटर बंद करून चालू करा, खालच्या राउटरमध्ये त्याच्यासाठी एक पत्ता राखून ठेवा, म्हणजे पुन्हा बदलणार नाही. मग त्या दोन पीसींवरून प्रिंटर काढून त्याच पत्त्याने नव्याने जोडा.

जुना_हबवाला
तरी एकदा क्रिंप तपासून घ्याच.