आरएक्स १०० ला कोन फिल्टर: दोन नंबर मोठा जेट टाकला की झालं?

रबरीबूट:
यामाहाच्या जुन्या टू-स्ट्रोक आरएक्स १०० बद्दल परवा 'मोकळा श्वास' यांनी इथे लिहिलं: "आरएक्सचा कंपनीचा एअर फिल्टरचा डबा काढून फेका, कोन फिल्टर लावा, मेन जेट दोन नंबर मोठा टाका. दहा मिनिटांचं काम. फुल थ्रॉटलला पळाली की ट्यूनिंग झालं." त्यावर धडाधड लाइक पडलेत. (नवख्यांसाठी: कोन म्हणजे डब्याशिवाय थेट कार्बोरेटरला लावायचा उघडा फिल्टर, जेट म्हणजे कार्बोरेटरमधलं पेट्रोल मोजून सोडणारं बारीक भोक.) मला ते वाचून गप्प बसवेना.

१९९६ नंतर नवी आरएक्स १०० निघालेली नाही. ज्या उरल्यात त्यांचे सिलिंडर आधीच बोअर झालेत. आणखी एकदा पिस्टन जाम झाला तर पुढच्या मापाचा ओव्हरसाइज पिस्टन मिळेलच याची खात्री नाही. अशा गाडीला दहा मिनिटांचा सल्ला द्यायचा?

मेन जेटचा अंमल खरा पाऊण थ्रॉटलच्या पुढे. पावपासून पाऊणपर्यंत कार्बोरेटरची सुई. त्याखाली थ्रॉटलबरोबर वर-खाली होणाऱ्या स्लाइडचा काप, आणि तळाला, म्हणजे आयडलला, पायलट जेट आणि एअर स्क्रू. डबा काढला की या सगळ्यांचं गणित बिघडतं, आणि सारखं बिघडत नाही. डब्यातून हवा खेचताना जी थोडी ओढ तयार व्हायची, तिच्या जोरावरही पेट्रोल वर यायचं. ती गेली की वरच्या टोकाला गाडी लीन, म्हणजे हवा जास्त, पेट्रोल कमी, आणि पिस्टन तापून जाम व्हायची भीती.

त्यात हे टू-स्ट्रोक. रीड व्हॉल्व्हकडून (आत जाणाऱ्या वाटेवरची झडप) दाबाची लाट उलटी येते. डब्यात ती जिरते. तोकड्या कोनात तीच हवा कार्बोरेटरमधून बाहेर येते, परत आत जाते आणि प्रत्येक खेपेला पेट्रोल उचलते. कोन काढून आतून बोट फिरवा, ओलं लागेल. म्हणून एका ठरावीक आरपीएमला गाडी रिच (पेट्रोल जास्त) होऊन गुदमरते आणि तिथून पुढे लीन पळते. एकच जेट हे दोन्ही कसं निस्तरणार?

आणखी एक, जे कुणी बघतच नाही. कार्बोरेटरच्या तोंडाशी कडेला हवेची बारीक भोकं असतात. स्वस्त कोनच्या रबराची आतली कड जाड असते, ती बरोबर त्यांच्यावर बसते. मग आयडलला प्लग काळा पडतो, एअर स्क्रू आत-बाहेर कितीही फिरवा, फरक शून्य. मिस्त्री पायलट जेट बदलत बसतो. ती कड ब्लेडने तासा, भोकं डोळ्यांना दिसली पाहिजेत. यालाच दहा मिनिटं जातात.

मोकळा श्वास:
भोकांचं ठीक आहे, बघतो. बाकी पुस्तकी. माझी गाडी साताऱ्याहून कासला कोन लावूनच चढते, आजवर जाम झालेली नाही. डब्यात जी घुसमटायची ती आता तिसऱ्या गियरला हाताबाहेर जाते. तुम्ही कागदावर लाटा मोजा, मी गाडी चालवतो.

रबरीबूट:
कास बाराशे मीटरच्या आसपास आहे. वर हवा विरळ, म्हणजे मिश्रण आपोआप रिच होतं. घाट तुम्हाला सांभाळून घेतोय. डिसेंबरच्या पहाटे हायवेच्या सपाटीवर दहा किलोमीटर थ्रॉटल पिळून धरा आणि मग सांगा. गार हवा दाट असते, सगळ्यात लीन तिथेच होते. माझ्या चुलतभावाचा पिस्टन असाच एका पहाटे गेला. मागचं चाक लॉक झालं, क्लच दाबला म्हणून वाचला. त्यालाही कुणीतरी "दोन नंबर मोठा टाक" एवढंच सांगितलं होतं.

नाशिकची गॅरेजवाली:
दोघंही थोडं थांबा. वडिलांच्या गॅरेजात लहानपणापासून याच गाड्या बघत आलेय. रबरीबूट दादा, डबा चांगला हे कबूल. पण अस्सल डबा आणि तो कार्बोरेटरला जोडणारा रबरी बूट आहे कुठे? बाजारातला डुप्लिकेट बूट वर्षात चिरतो, चिरेतून धूळ थेट सिलिंडरमध्ये. त्यापेक्षा चांगला कोन परवडला.

फक्त पद्धत उलटी हवी. मुद्दाम मोठ्या मेन जेटपासून सुरुवात करा, गाडी वर अडखळू दे, मग एकेक नंबर खाली या. लहानाकडून मोठ्याकडे गेलात तर चुकीची किंमत पिस्टन भरतो. नवा प्लग, फुल थ्रॉटल, तिथेच क्लच दाबून इंजिन बंद, प्लग काढून चिनीमातीच्या मुळाशी बघा. आयडलवर घरी आणून बघितलेला प्लग काहीच सांगत नाही. सुईची क्लिप एक खाच खाली घातली की सुई वर येते, गाडी रिच होते. हे उलटं करणारे रोज भेटतात.

आणि ई-२० (वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) आल्यापासून जुने सगळे नंबर बाद. इथेनॉलने गाडी लीन होते, फ्लोटच्या पिनचं रबर फुगतं, टाकीच्या तळाला पाणी. ग्राहक भांडतो आमच्याशी.

करवीरकर:
आलं का परत इथेनॉलवर! कुठलाही धागा काढा, शेवटी शिव्या उसालाच. आमच्या घरात तीन पिढ्या ऊस. कायद्याने एफआरपी (सरकारने ठरवलेला उसाचा किमान दर) १४ दिवसांत मिळायला हवी, आणि आम्ही महिनोन् महिने कारखान्याच्या दारात उभे राहिलोय. इथेनॉलचा पैसा यायला लागल्यावर बिलं हलली. तुमच्या हौसेच्या गाडीसाठी ते बंद करायचं काय?

नाशिकची गॅरेजवाली:
बंद करा म्हटलेलंच नाही. पंपावर ई-२० शिवाय पर्याय ठेवा म्हणतेय. जुन्या गाडीवाल्याने जायचं कुठे?

दोन_सिलिंडर:
करवीरकर, आता निम्म्याहून जास्त इथेनॉल मका आणि तांदळाचं आहे. डिसेंबर २०२३ मध्ये सरकारने उसाच्या रसापासून इथेनॉलवर बंधनं घातली तेव्हा तुमच्या बिलांचं काय झालं? शेतकऱ्याच्या नावाने धोरण आणि दोर दुसऱ्याच्या हातात.

करवीरकर:
ते बरोबर. त्या हंगामात आमचं नुकसानच झालं, आणि त्याचा राग मला तुमच्यापेक्षा जास्त आहे. पण म्हणून पिस्टन जाम झाला की खापर उसावर फोडायचं, हे ऐकून घेणार नाही. माझ्याकडेही जुनी टू-स्ट्रोक येझदी आहे. ई-२० वरच चालवतो. सुई एक खाच वर घेतली, पेट्रोलची रबरी नळी बदलली, चालू आहे.

मोकळा श्वास:
म्हणजे इथेनॉलने लीन होते हे मान्य केलंत.

करवीरकर:
होते तर होते! किती होते ते सांगा ना. नुसतं "वाट लागली" काय?

रबरीबूट:
आकडा मी देतो. शुद्ध पेट्रोलला वजनाने साधारण १४.७ पट हवा लागते, इथेनॉलला ९ पट. ई-२० चा हिशेब साडेतेराच्या आसपास येतो. पण आपल्याकडे त्याआधी ई-१० होतंच, ते १४.१ च्या जवळ. म्हणजे पंपावर ई-२० आल्यामुळे पडलेला फरक चार टक्क्यांच्या आसपास. करवीरकरांचं म्हणणं इथे रास्त आहे, एकट्या इथेनॉलने पिस्टन जात नाही. पण कोनने आधीच लीन केलेल्या, काठावर चालणाऱ्या गाडीला तेवढं पुरतं. जुना जेटिंगचा तक्ता कुणी दिला तर तो कुठल्या पेट्रोलवरचा आहे ते आधी विचारा.

दोन_सिलिंडर:
आमच्या दोन सिलिंडरच्या राजदूत ३५० ला हे सगळं गुणिले दोन. दोन कार्बोरेटर, दोन कोन, मधे जागा नाही म्हणून एकमेकांना चेपून बसवलेले. चेपलेल्या बाजूचा सिलिंडर वेगळाच चालतो. दोन्ही स्लाइड एकाच क्षणी उचलतात का ते बोटाने बघितल्याशिवाय जेटला हात लावूच नये. आणि ऑइल पंप काढून पेट्रोलमध्ये ऑइल मिसळणारे लोक! ऑइल जास्त घातलं की जेटमधून पेट्रोल तेवढं कमी जातं, गाडी लीन. "सेफ्टीला जास्त ऑइल" म्हणत स्वतःच गाडी मारतात.

मोकळा श्वास:
ठीक. कोन काढून बघितला. खालचं भोक निम्मं झाकलेलं होतं. कड तासली, आता एअर स्क्रूला गाडी ऐकते. एवढं रबरीबूट यांचं बरोबर. कोन मात्र काढणार नाही. मोठा मेन जेट आणून ताईंच्या पद्धतीने खाली येतो, तेही तुम्ही म्हणता म्हणून.

रबरीबूट:
जेटआधी इनटेक मॅनिफोल्डचं रबर वाकवून बारीक चिरा बघा. तिथून हवा शिरत असेल तर कुठलाच नंबर लागू पडणार नाही.

करवीरकर:
अस्सल डब्याचा बूट कोल्हापुरात एका जुन्या दुकानदाराकडे बघितलाय, पाकीटबंद. ताई, कार्बोरेटरच्या तोंडाचा बाहेरचा व्यास मोजून टाका, जुळला तर घेऊन ठेवतो. पैसे नंतर द्या.