मदत हवी आहे : सार्क अडले, आसियान चालले, कारण कसे मांडावे?

नमस्कार मंडळी. चोपडा तालुक्यातील आमच्या गावच्या वाचनालयात शेजारी देशांच्या संघटनांवर मला व्याख्यान द्यायचे असून एका मुद्द्यापाशी मांडणी अडली आहे.

१९६७ मध्ये बँकॉक येथे पाच देशांनी आसियान ही आग्नेय आशियाई देशांची संघटना स्थापन केली, तेव्हा त्यांपैकी इंडोनेशिया आणि मलेशिया यांच्यातील सशस्त्र संघर्ष संपून जेमतेम वर्ष झाले होते. धर्म आणि भाषाही वेगवेगळ्या होत्या. याउलट १९८५ मध्ये ढाक्यात जन्मलेल्या सार्क या दक्षिण आशियाई संघटनेच्या देशांत बंगाली, पंजाबी, तमिळ या भाषा सीमेच्या दोन्ही बाजूंना बोलल्या जातात, तरीही २०१४ च्या काठमांडू परिषदेनंतर एकही शिखर परिषद झालेली नाही. निर्णय दोन्हीकडे सहमतीनेच होतात, त्यामुळे नुसत्या सहमतीच्या अटीला दोष देणे मला पटत नाही. माझा संशय दोन गोष्टींवर आहे : द्विपक्षीय वाद चर्चेबाहेर ठेवणारे सार्कच्या सनदेतील दहावे कलम आणि भारताचा इतरांच्या मानाने प्रचंड आकार. (अर्थात इंडोनेशियाही आसियानमध्ये थोरलाच आहे, आणि तिथेच माझा युक्तिवाद लंगडा पडतो.)

आमचे श्रोते केळी आणि कापूस पिकवणारे आहेत. २००६ पासून साफ्टा हा सार्क देशांमधील मुक्त व्यापार करार लागू असूनही शेजाऱ्यांशी व्यापार एवढा तोकडा का, हे ते विचारणारच. जाणकारांनी, विशेषतः बांगलादेश किंवा नेपाळकडे माल पाठवण्याचा अनुभव असलेल्यांनी, सीमेवर नेमके काय अडते ते सविस्तर सांगावे, ही विनंती.