मदत हवी आहे: निकितिनचं प्रवासवर्णन ऐकताना हाताशी काय ठेवावं?

नमस्कार मंडळी. अफानासी निकितिन हा रशियातल्या त्वेर शहरातला व्यापारी पंधराव्या शतकात चौलला उतरला, जुन्नरमार्गे बीदरला गेला आणि परतताना दाभोळहून होर्मुझकडे निघाला. बहमनी काळातलं आपलं कोकण आणि घाटमाथा परक्या नजरेतून पाहायचा असेल, तर यासारखं साधन नाही.

अडचण ऑडिओची आहे. मूळ रशियन वाचनात चौल 'च्युविल' होतं, जुन्नर 'च्युनेर', दाभोळ 'दाबिल'. नकाशा समोर नसेल तर दहा मिनिटांत वाट हरवते. त्यात मधेच तुर्की-फारसी मिश्रित वाक्यं येतात, ती छापील टिपांशिवाय कळतच नाहीत.

दुसरा गुंता तारखांचा. जाताना व्होल्गाकाठच्या अस्त्राखानजवळ झालेल्या लुटीत त्याची पुस्तकं गेली, त्यामुळे ईस्टर (दरवर्षी तारीख बदलणारा ख्रिस्ती सण) कधी हे तो अंदाजाने ठरवतो. सगळा कालक्रम या ईस्टरांवर उभा असल्याने जुने अभ्यासक प्रवास १४६६ ते १४७२ धरतात, नंतरचे काही सुरुवात १४६८ला नेतात. ऑडिओत बहुधा एकच मत ठामपणे सांगून मोकळे होतात.

तर, टिपा आणि मार्गाचा नकाशा असलेली इंग्रजी किंवा हिंदी आवृत्ती कोणती घ्यावी? प्रकरणं वेगळी केलेलं, वेग कमी करता येईल असं रशियन वाचन कुठे मिळेल? आणि बहमनी बाजू, विशेषतः बहमनी वजीर महमूद गावानचा काळ, ताडून पाहायला मराठीत काय वाचावं? जुन्नरच्या असदखानाने निकितिनचा घोडा काढून घेतला, त्या प्रसंगावर कुणी नीट लिहिलं असेल तर तेही जरूर सुचवा.