‘सदोष मनुष्यवध’ : वध सदोष कसा?

चहाबाज, सोलापूर : सकाळी सात रस्त्याजवळ चहा पिताना पेपरात वाचलं, ‘ट्रकचालकावर सदोष मनुष्यवधाचा गुन्हा’. शेजारचा म्हणाला, “सदोष म्हंजे काय बे, नीट मारता आलं नाही का?” हसलो सगळे, पण उत्तर कुणालाच येईना. मीटर सदोष असतो, बियाणं सदोष असतं. वध कसा सदोष? आणि वध तर कंसाचा, अफझलखानाचा. चाकाखाली आलेल्या माणसाचा कसला वध?

काळा कोट : ‘निर्दोष सुटला’ म्हणतो ना, त्यातला हा दोष. खोट नव्हे, अपराध. ‘वध’ मात्र कायद्यानं पुराणातून उचलून पार कोरडा करून टाकला. माणसाच्या हातून माणूस मरणं, एवढाच अर्थ उरला.

लोक खून एकीकडे आणि सदोष मनुष्यवध दुसरीकडे ठेवतात. तसं नाही. प्रत्येक खून आधी सदोष मनुष्यवधच असतो, उलट मात्र नाही. गाडी लावण्यावरून जागीच जुंपली, हाताला लागली ती काठी एकदा डोक्यात बसली, तर तो ‘खून न ठरणारा सदोष मनुष्यवध’ ठरू शकतो. तोच गडी घरी जाऊन कोयता घेऊन परत आला, की खून. राग निवायला वेळ मिळाला का, हे कोर्ट बघतं. 1959 चा नौदल अधिकारी नानावटीचा खटला आठवा. बायकोनं परपुरुषाशी संबंधांची कबुली दिल्यावर त्यानं घरच्यांना सिनेमाला सोडलं, जहाजावरून रिव्हॉल्व्हर आणलं, मग त्या माणसाकडं जाऊन गोळ्या घातल्या. ज्युरीनं 8 विरुद्ध 1 मतांनी निर्दोष म्हटलं, पण 1961 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं खूनच ठरवला.

चहाबाज : आणि ट्रकवाला?

काळा कोट : एरवी हयगयीनं मृत्यूचं कलम, नव्या भारतीय न्याय संहितेतलं 106. जुन्या दंडसंहितेतलं 304-अ. कमाल शिक्षा 5 वर्षं. पण दारू ढोसून, माणसं मरतील याची जाणीव असूनही गर्दीत गाडी घातली असेल, तर सदोष मनुष्यवधाचं 105 लावतात. तोच तुमचा पेपरातला शब्द. निव्वळ अपघात असेल तर गुन्हाच नाही. जुन्या दंडसंहितेतलंच उदाहरण आहे : नीट काळजी घेऊन काम करताना कुऱ्हाडीचं पातं उडालं आणि जवळचा माणूस मेला.

पूर्व भाग : आमच्याकडं, सोलापूरच्या पूर्व भागात, तेलुगूत खुनालाच ‘खूनी’ म्हणतात, कन्नडमध्येही. शेजारीण ‘खूनी’ म्हणाली की मी लहानपणी माणूस शोधायचो! मूळ फारसीत तर खून म्हणजे नुसतं रक्त. आणि पोरं खुनाला अजून जुन्या कलमानं ‘302 लागला’ म्हणतात.

काळा कोट : 1 जुलै 2024 पासूनच्या गुन्ह्यांना खुनासाठी 103. न्याय संहितेतलं 302 धार्मिक भावना दुखावण्याचं आहे.

चहाबाज : मला आजीचं बोलणं आठवलं. ‘त्यानं मारला’ आणि ‘त्याच्या हातून मेला’ यांत ती कधी गल्लत करायची नाही. कप फुटतो तोही हातूनच.

काळा कोट : अशील ‘हातून गेला’ म्हणाला, की मी टायपिस्टला सांगतो, शब्द बदलू नको.